ओटेरीकाठची गिरणी

मद्रास शहराच्या नद्या म्हणून बाहेरून येणारा मनुष्य कूवम आणि अड्यार ही दोन नावे सांगतो. उत्तर मद्रासेत राहणाऱ्याच्या बोलण्यात मात्र आणखी एक पाणी सतत येते. विल्लिवाक्कमच्या बाजूने निघून अयनावरम, ओटेरी, पुलियांतोप अशा दाट वस्त्यांतून वाट काढीत बेसिन ब्रिजजवळ बकिंगहॅम कालव्यास मिळणाऱ्या या प्रवाहास ‘ओटेरी नल्ला’ म्हणतात. ‘एरी’ म्हणजे तमिळमध्ये तलाव. ‘नल्ला’ हा शब्द मात्र आपल्याच ‘नाल्या’चा, इंग्रजांच्या दप्तरांतून दक्षिणेस येऊन स्थिरावलेला. पाणी काळे आहे, त्यास वास आहे, आणि पावसाळ्यात ते लोकांच्या उंबऱ्यापर्यंत येते. त्यास नदी म्हणावे की नाही याबद्दल मी वाद घालणार नाही. त्याच्या काठावर ज्या गिरणीने शंभराहून अधिक वर्षे कापड विणले, त्या गिरणीसंबंधी मला लिहावयाचे आहे.

‘बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्स’ हे तिचे कागदोपत्री नाव. लोक तिला ‘बिन्नी मिल’ म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात मद्रासेत व्यापार थाटणाऱ्या जॉन बिन्नी या गोऱ्या गृहस्थाचे ते नाव. तमिळ लिपीत ‘ब’ आणि ‘प’ यांस एकच अक्षर असल्यामुळे ते ‘पिन्नि’ असे लिहिले जाते, आणि ‘पिन्नि’ म्हणजे ‘विणून’ किंवा ‘गुंफून’. माझा एक विद्यार्थी, ज्याच्याविषयी पुढे येईलच, लहानपणी असे समजत असे की गिरणीत कापड विणतात म्हणून तिचे नाव पिन्नि. तो साहेबाचे आडनाव आहे हे त्यास शाळेत कळले, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवशी त्याची थोडी निराशा झाली.

गिरणीच्या दोन शाखांपैकी बकिंगहॅम मिल १८७६ ची आणि कर्नाटिक मिल १८८१ ची. १९२० मध्ये दोहोंची एक कंपनी झाली. पहिल्या गिरणीस तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव दिले गेले. ओटेरीचे पाणी ज्यात पडते त्या कालव्यासही त्यांचेच नाव आहे. हा योगायोग मला प्रथम केवळ गंमतीचा वाटला होता. पण १८७६ ते १८७८ हा दक्षिणेतील महादुष्काळाचा काळ. आपल्याकडे सोलापूर, अहमदनगर, विजापूर या भागांत ज्या दुष्काळाने गावे ओस पाडली, तोच हा दुष्काळ. मद्रास शहरातून जाणारा, कूवम आणि अड्यार यांस जोडणारा कालव्याचा भाग त्या वर्षांत दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी खणला, आणि त्यावर गव्हर्नरांचे नाव लागले. त्याच दुष्काळाच्या आरंभीच्या वर्षी त्यांच्याच नावाची गिरणी उभी राहिली. खणणारे हात आणि पुढे गिरणीत शिरलेले हात एकच होते असे सिद्ध करण्याइतका पुरावा मजजवळ नाही. परंतु दोन्ही ठिकाणी मनुष्य स्वस्त होता, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

१९०६ मध्ये मद्रासेतील आर्बथनॉट ही पेढी बुडाली, तिच्या धक्क्याने बिन्नी कंपनीही डळमळली आणि ती मॅके, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड इंचकेप, यांच्या हाती गेली. गिरणीची भरभराट मात्र थांबली नाही. तिची खाकी दोन्ही महायुद्धांत सैनिकांच्या अंगावर होती. पोलीस, टपालवाले, शाळकरी मुले अशा कितीतरी गणवेशांचे कापड येथून गेले. शाळा, वसाहत, स्वस्त धान्याचे दुकान चालविणारा नमुनेदार मालक असा तिचा लौकिक होता. या लौकिकाखाली काय होते ते पुढे येईल.

मी या शहरात आलो तो १९९८ साली. गिरणी त्यापूर्वी दोन वर्षे, १९९६ मध्ये, बंद झालेली होती. मी मुंबईचा, नायगावच्या बी. डी. डी. चाळीतला. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आणि मी गिरणीवरील साहित्य शिकविणारा. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्वे यांच्या कवितेपर्यंत आणि तेथून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत व्याख्यानांतून येरझारा घालणे हा माझा व्यवसाय झाला. बंद गिरणी मला नवीन नव्हती. म्हणूनच की काय, बिन्नी मिल पाहावयास जाण्यास मला कित्येक वर्षे लागली.

तेथे मला घेऊन गेला तो वर उल्लेखिलेला विद्यार्थी. पुलियांतोपमध्ये जन्मलेला, मराठी स्वतःच्या हौसेने शिकलेला. मराठी आणि तमिळ कवितेतील गिरणी हा त्याच्या प्रबंधाचा विषय. त्याचे आजोबा, ज्यांना तो ‘तात्ता’ म्हणतो, बिन्नीत होते, आणि आजोबांचे वडीलही. आमची पहिली चर्चा एका शब्दावरून झाली. भारतीदासन यांच्या एका प्रसिद्ध कवितेत गिरणीकामगाराची पत्नी गिरणीच्या भोंग्यासच विनवते की, तू आता वाज, म्हणजे माझा माणूस घरी येईल. तमिळमध्ये या भोंग्यास ‘संगु’, म्हणजे शंख, म्हणतात. विद्यार्थ्याने त्या कवितेच्या मराठी अनुवादात ‘शंख’ लिहिले होते. मी ते खोडून ‘भोंगा’ केले. त्याने नम्रपणे विचारले, “सार्, भोंगा म्हणजे फक्त आवाज ना? शंख देवळातही वाजतो, आणि आमच्याकडे प्रेतयात्रेतही.” मी म्हटले, लालबागेत आमच्या आईला शंख ऐकू आला असता तर तिने हात जोडले असते, डबा भरावयास घेतला नसता. वाद अनिर्णित राहिला. अनुवादात आजही दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिलेले आहेत. आलै हा तमिळ शब्द मुळात उसाच्या चरकाचा. ‘पंजु’ म्हणजे कापूस, त्यावरून कापडगिरणी ती ‘पंजालै’. आपल्या गिरणीत पीठही निघते आणि कापडही. दोन्ही भाषांनी नवे यंत्र जुन्या घरगुती शब्दात बसवून घेतले. आवाजाच्या बाबतीत मात्र एकीने देवळाकडे पाहिले आणि दुसरीने नुसते कानावर हात ठेवले.

गिरणीच्या जागेवर पाहण्यासारखे काय उरले होते? आम्ही गेलो त्या दिवशी एका बाजूस उंच निवासी इमारती उभ्या होत्या, त्यांच्या सज्ज्यांतून कपडे वाळत होते. बंद पडल्यानंतर प्रथम या जागेचा उपयोग झाला तो चित्रपटवाल्यांना. ओस पडलेली लांबलचक दालने, गंजलेले लोखंड, पडक्या भिंती यांचा देखावा त्यांना आयताच मिळाला, आणि कितीतरी तमिळ चित्रपटांतील मारामाऱ्या येथे चित्रित झाल्या. मग जमीन विकली गेली आणि घरे आली. मुंबईत फिनिक्स मिलचे जे झाले ते येथे थोड्या उशिराने आणि कमी झगमगाटात झाले, इतकेच. मुंबईत निदान कायद्यावरून भांडण तरी झाले: १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली, २००१ मध्ये तिचा अर्थ बदलला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले.

तात्तांची भेट त्या दिवशीच झाली. तमिळमध्ये वडीलधाऱ्या पुरुषास ‘ऐया’ म्हणतात, तसे मी त्यांना म्हटले. त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. मी कितीही म्हटले तरी उठले नाहीत. चित्रपटाचा विषय त्यांनीच काढला. गिरणी बंद झाल्यावर काही वर्षांनी तेथे चित्रीकरणासाठी गर्दीची माणसे हवी होती, म्हणून तेही गेले होते. गिरणीचा तुरुंग केलेला होता. ज्या दालनात त्यांचे माग होते तेथे गज लावले होते आणि त्यांना कैद्याचे कपडे देऊन रांगेत उभे केले होते. “कापड चांगले नव्हते,” ते म्हणाले. “आमच्या ड्रिलच्या पुढे काहीच नाही.” एवढे बोलून त्यांनी विषय संपविला.

येथे गिरणीचा जो इतिहास संशोधकांना परिचित आहे त्याकडे वळतो. २७ एप्रिल १९१८ रोजी या गिरणीच्या कामगारांतून ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. भारतातील पहिली संघटित कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. मराठी वाचकास येथे अर्थातच नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन १८९० ची. पहिले कोण, या वादात मला रस नाही. संघटनेची व्याख्या बदलली की पहिला मान बदलतो. मला अधिक अर्थपूर्ण वाटते ते हे की मद्रासेच्या संघटनेचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईत जन्मलेले पारशी थिऑसॉफिस्ट होते, आणि त्यांच्या बरोबरीने उभे होते तिरु. वि. कल्याणसुंदर मुदलियार. या ‘तिरु. वि. कं.’नी राजकीय व्यासपीठावरील तमिळ भाषेस वळण लावले. आधुनिक तमिळ गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यास ओटेरीकाठच्या सभांतून जावेच लागेल. कामगार प्रथम एकत्र येत ते एका भजन-प्रवचनाच्या सभेत, व्यंकटेश गुणामृतवर्षिणी सभा हे तिचे नाव. वैष्णव कथा ऐकावयास आलेल्या माणसांसमोर पगाराची भाषा बोलली जाऊ लागली. आपल्याकडे सत्यशोधक जलशांनी काय केले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

१९२० मध्ये गिरणीच्या मालकांनी वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला: तुम्ही आमच्या नोकरांना करार मोडावयास उद्युक्त करता. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. दाव्याचा शेवट तडजोडीने झाला आणि वाडियांना चळवळीतून दूर व्हावे लागले. कामगारांनी एकत्र येणे हाच अपराध ठरू शकतो हे त्यातून उघड झाले. मग १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशी यांनी कामगार संघटनांस कायद्याचे संरक्षण देणारा ठराव मांडला, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्या वाटेने आला. परळच्या सोशल सर्व्हिस लीगच्या जोशींचे हे ऋण मद्रासेत फारसे कोणास ठाऊक नाही; मुंबईतही त्या कायद्यामागे पेरांबूरची गिरणी आहे हे ठाऊक नाही. दोन्हीकडचे विस्मरण सारखेच.

पण या सर्व उजळ कथेस १९२१ चे वर्ष छेद देते. त्या वर्षी गिरणीत दीर्घ संप झाला. सवर्ण हिंदू आणि मुसलमान कामगार बाहेर राहिले. आदिद्रविड कामगार मात्र आत गेले. पुलियांतोपमध्ये झोपड्या जाळल्या गेल्या, दंगली झाल्या, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. आदिद्रविडांची बाजू घेऊन उभे राहिले ते एम. सी. राजा. मराठी वाचकास हे नाव १९३२ च्या राजा-मुंजे करारामुळे माहीत असते. बाबासाहेबांच्या विरोधात गेलेले राजा म्हणून आपण त्यांना एका ओळीत निकालात काढतो. पुलियांतोपचे राजा आपल्या पुस्तकांत येत नाहीत. संप मोडला. आणि कामगारांच्या एकजुटीची स्मृती जतन करणाऱ्यांनी या वर्षावरून लवकर पुढे जाण्याची सवय लावून घेतली.

तमिळमध्ये संप फोडणाऱ्यास ‘करुंगाली’ म्हणतात. करुंगाली हे एका काळ्या, कठीण लाकडाचे नाव. कुऱ्हाडीस दांडा त्या लाकडाचा घालतात, आणि झाडाचेच लाकूड झाडे तोडावयास कामी येते, म्हणून हा अर्थ, असे स्पष्टीकरण दिले जाते. ‘कोडारिक्कांबु’, म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा, ही शिवीही त्याच अर्थाची. विद्यार्थ्याने हे समजावून सांगण्यास आरंभ केला तेव्हा मी त्याचे वाक्य मध्येच पुरे केले: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तो थक्क झाला. दोन भाषांत एकच प्रतिमा इतकी तंतोतंत मिळावी याचा मला तौलनिक अभ्यासकाचा आनंद झाला. तो फार काळ टिकला नाही.

कारण विद्यार्थी म्हणाला, “सार्, ही शिवी आमच्या घराला होती.” त्याचे पणजोबा १९२१ मध्ये आत गेलेल्यांपैकी. वस्तीत पुढे कितीतरी वर्षे भांडणे झाली की कोणी ना कोणी तो शब्द काढी. तात्ता शाळेत असताना तो शब्द ऐकून घरी आले आणि वडिलांना विचारले. वडील म्हणाले, दांडा व्हायला आधी झाड व्हावे लागते. ते आम्हाला झाड कुठे समजत होते?

मी गप्प बसलो. कारण म्हणीतील ‘गोत’ हा शब्द मी आजवर कधी नीट वाचलाच नव्हता. दांड्यास दोष देण्यासाठी तो गोतातला असावा लागतो. ज्याच्या हातचे पाणी संपकऱ्यास चालत नव्हते, ज्याची झोपडी ओटेरीच्या पाण्यात आणि संपकऱ्याची तिच्याहून वर, तो कोणाच्या गोतातला?

माझे आजोबा साचेखात्यात होते. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार अधिक. तेथे त्यांना कधी प्रवेश मिळाला नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांस साळखाते बंद होते, आणि त्याचे जे कारण देत ते अभ्यासकांस ठाऊक आहे: धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाचे उष्टे दुसऱ्यास कसे चालावे? १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न काढला आणि अस्पृश्यांना विणकामात घेण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी ती फारशा उत्साहाने स्वीकारली नाही. १९२९ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्यास विरोध केला आणि त्यांचे अनुयायी कामावर गेले.

आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. ते गेले की नाही? त्यांनी कधी सांगितले नाही. मी कधी विचारले नाही. ते वारले तेव्हा मी शाळेत होतो. पण माझ्या वडिलांचे वागणे आता मला वेगळे दिसू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सहा-आठ महिन्यांनी चाळीतले कितीजण मागल्या दाराने कामावर जाऊ लागले. आईने दागिने मोडले, मग भांडी. वडील गेले नाहीत. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि वडीलही त्यातून रीतसर परत आले नाहीत. पुढे ते एका इमारतीचे रखवालदार झाले. एकदा आई चिडून म्हणाली होती, “तुमच्या बापाने शहाणपणा केला होता, तो तुम्हाला का सुचत नाही?” त्यावर वडील ताटावरून उठून गेले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि आजोबांनी कोणता शहाणपणा केला हे विचारण्याची माझी छाती झाली नाही. हे वाक्य मी चाळीस वर्षे विसरलो होतो. पुलियांतोपच्या त्या पायरीवर ते परत आले.

आईच्या वाक्याचा मी काढलेला अर्थ बरोबर असेलच असे नाही. तरीही माझी साहित्याची व्याख्याने त्यानंतर मला जशीच्या तशी देता येईनात. सुर्व्यांच्या कवितेतील ‘आम्ही’ मी वर्गात मोठ्या आवाजात वाचत असे. तो आम्ही खरा आहे, मोलाचा आहे. पण सूत तोंडाने ओढण्याचा अधिकार नसलेला मनुष्य त्या ‘आम्ही’त कोणत्या दिवशी आला, याची नोंद मला आता शोधावीशी वाटते. तमिळमध्ये रघुनाथन यांच्या ‘पंजुम पसियुम’ या १९५३ च्या कादंबरीत, जिच्या शीर्षकाचा अर्थ ‘कापूस आणि भूक’ असा आहे, हातमाग विणकरांची उपासमार आहे. तीत मी काय शोधावे हे विद्यार्थी मला आता शिकवितो आहे.

गिरण्यांच्या पुनर्वापराविषयी बोलताना वास्तुतज्ज्ञ धुराडे, छत, दर्शनी भिंत यांची चर्चा करतात. ती व्हावी. मुंबईत दादरच्या चौपाटीलगतची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, हिची साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून माणसे ६ डिसेंबर २०११ रोजी आत शिरली, २०१२ मध्ये केंद्र सरकारने जमीन देण्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. तेथे भव्य पुतळा योजिला आहे. माझी एक बारीक सूचना कोणी ऐकणार असेल तर अशी की त्या स्मारकात कोठेतरी एका काचेखाली एक धोटा ठेवावा, भोकाची बाजू वर करून, आणि खाली १९२८ एवढाच आकडा. बिन्नीच्या जागेवर असे काही सुचविण्याचा मला अधिकार नाही. विद्यार्थ्यास आहे. त्यास मी विचारले, तेथे काय असावे? त्या वसाहतीच्या फाटकाबाहेर आम्ही उभे होतो, पहारेकरी आमच्याकडे संशयाने पाहत होता. तो म्हणाला, “नावे. दोन्हीकडच्यांची. बाहेर राहिले त्यांची आणि आत गेले त्यांची.” मग थोडे थांबून, “पण एका दगडावर मावतील का सार्, ते एकमेकांशेजारी राहतील का, कोण जाणे.”

परतताना तात्तांचा निरोप घेतला. त्यांनी आतून एक घडी केलेले कापड आणून माझ्या हातात दिले, पाहावयास, देण्यासाठी नव्हे. खाकी ड्रिल, वाराभर. गिरणीतील शेवटच्या महिन्यांतले. मी ते उलटसुलट करून पाहिले, काठाशी अंगठा फिरविला. माझ्या हातास विणकामातले काही कळत नाही. आमच्या घरात ते कोणी शिकलेच नाही. मी तसे सांगितले. तात्ता माझ्या शेजारी आले, कापड उजेडाकडे धरले, आणि ताणा कोणता, बाणा कोणता, ते मला बोटाने दाखवू लागले.